फ्युर्स्टनफेल्डब्रुकची रात्र आणि तिच्यातून निघालेल्या दोन बंदुका

बंदुकीच्या वैशिष्ट्यांची यादी कुठेही मिळते. वजन इतकं, नळी इतकी, मॅगझीन इतक्या गोळ्यांचं. या यादीतून एक गोष्ट मात्र कधीच कळत नाही, ती म्हणजे यातलं प्रत्येक वैशिष्ट्य कुणी, कशासाठी आणि कोणत्या किमतीवर मागितलं होतं. ते समजून घ्यायला मी दरवर्षी डिझाइनच्या मुलांसमोर हेच प्रकरण मांडतो. हेक्लर अँड कॉख या शस्त्र-कंपनीची पोलिसांसाठीची पीएसजी १ आणि तिच्यातूनच लष्करासाठी घडलेली एमएसजी ९०, दोन्ही अर्ध-स्वयंचलित आणि दोन्ही जर्मन. सुरुवात मात्र कारखान्यात नाही, विमानतळावर होते.

त्या रात्रीच्या पाच पोलिस नेमबाजांची नावं मी देत नाही. इथे ते फक्त क्रमांकाने येतील.

पार्श्वभूमी

१९७२ चं म्युनिक ऑलिंपिक. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकची आठवण पुसायची म्हणून यजमानांनी मुद्दाम मोकळंढाकळं वातावरण ठेवलं होतं. खेळाडूंच्या वसाहतीतले पहारेकरी फिकट निळ्या गणवेशात, हातात शस्त्र नाही. ५ सप्टेंबरला पहाटे ‘ब्लॅक सप्टेंबर’ या पॅलेस्टिनी गटाचे आठ जण कुंपण ओलांडून इस्रायली खेळाडूंच्या इमारतीत शिरले. दोघांना त्यांनी ठार केलं, नऊ जणांना ओलीस धरलं आणि इस्रायलच्या तुरुंगांतल्या दोनशेहून अधिक कैद्यांची सुटका मागितली.

पोलिसांचा पहिला बेत होता वसाहतीतच छापा घालण्याचा. ट्रॅकसूट घातलेले पोलिस छपरांवर चढले. टीव्हीचे कॅमेरे ते सगळं थेट दाखवत होते आणि आतल्या खोल्यांमध्ये टीव्ही होते. बेत सोडून द्यावा लागला. २६/११ ला नरिमन हाऊसच्या गच्चीवर उतरणारे कमांडो घरोघरी थेट दिसत होते, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वाचून वेगळं काही सांगायला नको. ३६ वर्षांनीही तीच चूक आपण केली आणि २०१२ मध्ये कसाबच्या खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला वाहिन्यांना त्यावरून खडे बोल सुनवावे लागले.

दुसरा बेत रात्रीचा. हल्लेखोर आणि ओलीस यांना हेलिकॉप्टरने म्युनिकच्या पश्चिमेला फ्युर्स्टनफेल्डब्रुकच्या हवाई तळावर न्यायचं. तिथे लुफ्तान्साचं बोइंग ७२७ उभं ठेवायचं. म्होरके विमान तपासायला आले की कर्मचाऱ्यांच्या वेशातले पोलिस त्यांना आत धरतील आणि बाकीच्यांना बाहेरचे नेमबाज टिपतील. कागदावर बेत ठीक होता. पण हेलिकॉप्टर येण्याच्या थोडंच आधी विमानातल्या पोलिसांनी आपसात मत घेऊन माघार घेतली. विमान रिकामं राहिलं. आता सगळा भार पाच नेमबाजांवर.

ते पाच जण म्हणजे स्नायपर नव्हते, साधे पोलिस होते. सुट्टीच्या दिवशी नेमबाजी करतात, हात बरा आहे, म्हणून निवडलेले. तिघे कंट्रोल टॉवरच्या इमारतीवर, दोघे खाली मैदानात. हातात जी ३, म्हणजे हेक्लर अँड कॉखच्याच साध्या लष्करी रायफली होत्या, पण त्यांवर ना दुर्बीण, ना रात्री पाहायचं साधन. अंगात चिलखत नाही, डोक्यावर हेल्मेट नाही. वायरलेस एकाकडेही नाही.

हल्लेखोर चार-पाच असावेत असं गृहीत धरलं होतं. वसाहतीतून निघताना ते आठ असल्याचं लक्षात आलं. ही खबर फ्युर्स्टनफेल्डब्रुकच्या नेमबाजांपर्यंत पोचली नाही.

रात्री साडेदहाच्या सुमारास हेलिकॉप्टर उतरली, पण ठरल्याप्रमाणे नाही. त्यामुळे नेमबाजांच्या रेषेत भलतीच माणसं आली आणि हल्लेखोरांना हेलिकॉप्टरच्या सावलीचा आडोसा मिळाला. म्होरके विमानात डोकावले, ते रिकामं दिसताच पळत परतले, आणि गोळीबाराचा हुकूम सुटला. पहिल्या फैरीत सगळे हल्लेखोर पडायला हवे होते, पडले थोडेच. चिलखती गाड्या वाटेतल्या गर्दीत अडकल्या आणि तासाभराने पोचल्या. मध्यरात्र उलटून सगळं शांत झालं तेव्हा नऊच्या नऊ ओलीस, एक पोलिस आणि पाच हल्लेखोर मेलेले होते.

प्रश्न नेमका कोणता

‘नेमबाजांकडे स्नायपर रायफल नव्हती’ हे उत्तर सर्रास दिलं जातं. वर्गातही पहिला हात त्यालाच वर होतो. ते खोटं नाही, पण त्यात एक गोम आहे.

जी ३ अर्ध-स्वयंचलित चालतेच. ट्रिगर दाबला की गोळी सुटते, पुढची आपोआप चेंबरमध्ये येते. म्हणजे दुसरी गोळी झटपट झाडायची सोय त्या रात्रीही होती. अंतरही फार नव्हतं, दोनशे मीटरच्या आतलं. इतक्या अंतरावर जी ३ च्या साध्या माशीनेसुद्धा (नळीच्या टोकाजवळची नेम धरायची खूण) दिवसाउजेडी माणूस टिपता येतो.

मग कमी काय होतं? अंधारात नेम धरता येत नव्हता. काळी माशी काळ्या सावलीवर ठेवायची तर ती दिसायला हवी. लष्करी रायफलचा ट्रिगर जड आणि ओढताना अडखळणारा असतो, आणि इथे ओलीस हल्लेखोराला जवळजवळ खेटून. नेमबाज पाच, लक्ष्यं आठ. एकाला दुसऱ्याचं काय चाललंय ते ठाऊक नाही. यातल्या पहिल्या दोन उणिवा बंदूक बदलून भरता येतात. उरलेल्या दोन भरता येत नाहीत. पुढचं सगळं वाचताना हा फरक डोक्यात ठेवावा.

समोरचे पर्याय

महिना उलटायच्या आत पश्चिम जर्मनीने जीएसजी ९ हे खास पथक उभारायचा निर्णय घेतला. पुढे मोगादिशूला, १८ ऑक्टोबर १९७७ ला, याच पथकाने अपहरण झालेलं लुफ्तान्साचं ‘लँड्सहूट’ विमान सोडवलं. अशा पथकांसाठी रायफल कशी असावी, यावर तेव्हा निदान चार वाटा होत्या.

सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे आहे त्या जी ३ वर दुर्बीण चढवायची. जर्मन लष्कर तेच करत होतं. कारखान्यातून आलेल्या ढिगातून त्यातल्या त्यात नीट मारणाऱ्या रायफली निवडायच्या आणि त्यांना दुर्बीण लावायची. भागतं, पण ती मुळात रांगेतल्या शिपायाचीच रायफल. नेम माणसाच्या धडाएवढ्या लक्ष्यावर पुरतो, खांद्यामागून डोकावणाऱ्या डोक्यावर नाही.

दुसरी वाट बोल्ट-ॲक्शनची, म्हणजे चेंबर बंद करणारा सरकता तुकडा, बोल्ट, दर वेळी हाताने मागे-पुढे करायचा. जुनी, सोपी, अचूक, आणि त्यात जर्मनांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण प्रत्येक गोळीनंतर हात बोल्टवर जाणार, गाल दस्त्यावरून उचलला जाणार, दुर्बिणीतलं चित्र हलणार. आठ जणांसमोर पाच नेमबाजांची ती रात्र ज्यांच्या डोळ्यांसमोर होती, त्यांना हे दोन सेकंद परवडणारे वाटले नाहीत.

तिसरी वाट वाल्थर कंपनीने घेतली. डब्ल्यूए २००० नावाची, पूर्णपणे नव्याने आखलेली अर्ध-स्वयंचलित रायफल. देखणी, अचूक आणि अफाट महाग. १९८८ पर्यंत जेमतेम १७६ बनल्या. आज त्या संग्राहकांच्या कपाटात असतात.

चौथी वाट ओबर्नडॉर्फच्या हेक्लर अँड कॉखची: नवी यंत्रणा शोधायची नाही, जी ३ चीच यंत्रणा घ्यायची आणि तिच्याभोवतीची प्रत्येक गोष्ट बदलायची.

पहिला निर्णय : पीएसजी १

ही वाट का जमली, ते कळायला जी ३ चं पोट उघडावं लागतं.

बहुतेक अर्ध-स्वयंचलित रायफलींत नळीतला वायू थोडासा बाजूला काढून पिस्टन ढकलतात. त्यासाठी नळीला भोक पडतं आणि पिस्टनची चौकट नळीवर बसते. आपल्या लष्कराकडची द्रागुनोव्ह रायफल अशीच चालते. जी ३ मध्ये पिस्टनच नाही. बोल्टच्या डोक्यात डावी-उजवीकडे एकेक छोटा रोलर असतो, तो बाजूच्या खाचेत रुतून बसतो. गोळी सुटली की पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, बोल्टला मागे रेटते, पण रोलर आत दबेपर्यंत आणि आतला जड भाग मागे सरकेपर्यंत बोल्टला फारसं हलता येत नाही. दाराला कडी नाही, आतून कुणीतरी पाठ लावून बसलंय, असा प्रकार. तो माणूस बाजूला होईपर्यंत गोळी नळीबाहेर गेलेली असते.

या रचनेचा मोठा फायदा असा की नळीला काहीच चिकटलेलं नाही. ती फक्त मागच्या टोकाला धरलेली, पुढे मोकळी. नळी दर गोळीला थरथरते. ती थरथर दरवेळी सारखी असली तर गोळ्या एकाच जागी जातात. पीएसजी १ ला ६५० मिलिमीटरची जाड, जड नळी दिली, आणि आत गोळीला फिरकी देणाऱ्या नेहमीच्या धारदार आट्यांऐवजी गोलसर कडांचे बहुकोनी आटे. काडतूस मात्र तेच राहिलं, नाटोचं ७.६२ × ५१ मिलिमीटर.

आता ती प्रसिद्ध कसोटी. ३०० मीटरवर ५० गोळ्या, आणि सगळ्या ८० मिलिमीटरच्या वर्तुळात. क्रिकेटचा चेंडू ७२-७३ मिलिमीटरचा असतो, म्हणजे त्याहून किंचित मोठी जागा. पोलिस नेमबाज आयुष्यात एका कारवाईत ५० गोळ्या झाडत नाही. पहिलीच महत्त्वाची, फार तर दुसरी. मग पन्नास कशासाठी? तीन-चार गोळ्यांचा सुंदर झुबका कुठलीही चांगली रायफल नशिबाने देऊन जाते. पन्नास गोळ्यांत नशीब उरत नाही, शिवाय तोवर नळी तापलेली असते. ही कसोटी लांबच्या माऱ्यासाठी नाही. ओलिसाच्या कानाशेजारी उरलेल्या चार बोटं जागेसाठी आहे.

बाकीची वैशिष्ट्यं त्या रात्रीच्या उणिवांशी जोडून पाहिली की एकेक जागेवर बसतं. दुर्बीण हेन्सोल्टची, सहापट मोठं दाखवणारी, १०० ते ६०० मीटरपर्यंत अंतर लावायची सोय असलेली. तिची फुली बॅटरीवर उजळते. काळ्या सावलीवर काळी फुली हरवते, उजळलेली हरवत नाही. ट्रिगरचा ताण सुमारे दीड किलोवर आणला, बोट बसायला रुंद पट्टी दिली. दस्ता मागे-पुढे होतो, गालाचा टेकू वर-खाली होतो, मुठीखाली तळहाताला टेकायला सरकता आधार. तासन्‌तास एकाच स्थितीत पडून राहायचं, म्हणून ही सगळी सरबराई.

मला सगळ्यात आवडतो तो तपशील बोल्टचा. जी ३ घराण्यातल्या शस्त्रांत खेचायचा दांडा पुढे डावीकडे असतो. तो सोडला की बोल्ट खण्णकन पुढे जातो, आणि रात्रीच्या शांततेत तो आवाज पन्नास पावलांवर ऐकू जातो. हाताने हळू सोडावा तर रोलर नीट बसत नाहीत, दार अर्धवट लोटलेलं राहतं. म्हणून पीएसजी १ मध्ये बोल्टच्या बाजूला बोट किंवा अंगठा अडकवायला दातेरी जागा केली. दांडा अलगद पुढे न्यायचा आणि उरलेलं अंतर तिथे दाबून बोल्ट गुपचूप बसवायचा. हे मागणारा माणूस नक्कीच कुठल्या तरी छपरावर, रात्री, खाली उभ्या सशस्त्र माणसाच्या डोक्यावर पडून राहिलेला असणार, असं मला नेहमी वाटतं.

किंमत? दुर्बिणीसह वजन सुमारे आठ किलो, लांबी एक मीटर वीस सेंटिमीटर, आणि दर एका रायफलमागे दहा हजार डॉलरच्या वर. पोलिसांना हे चालण्यासारखं होतं. गाडीतून यायचं, जिना चढायचा, तिपाईवर रायफल टेकायची, वाट पाहायची.

लष्कराची अडचण

सैनिकाच्या पाठीवर पाणी, दारूगोळा, वायरलेस, दोन दिवसांचं खाणं आधीच असतं. त्यात आठ किलोंची रायफल आली की काहीतरी खाली ठेवावं लागतं. तुलनेला द्रागुनोव्ह घ्या, दुर्बिणीसह सव्वाचार-साडेचार किलो. अचूकतेत ती पीएसजी १ च्या पासंगालाही पुरत नाही, पण डोंगर चढून जाते.

दुसरी अडचण दुर्बिणीची. पीएसजी १ ला एक दुर्बीण ठरलेली. लष्करात रात्रीची वेगळी, दिवसाची वेगळी, आणि बिघडली तर शेजारच्या तुकडीची काढून लावता यायला हवी.

तिसरी अडचण अधिकच मजेशीर, आणि ती थेट त्या रोलरांतून येते. बोल्टला कडी नसल्यामुळे पुंगळी नळीत पूर्ण दाब असतानाच मागे सरकायला लागते. फुगलेली पितळी पुंगळी चेंबरच्या भिंतीला घट्ट धरून बसली तर तिचा बुडखा तुटेल. म्हणून चेंबरला उभ्या खाचा असतात, त्यांत वायू शिरतो आणि पुंगळी जणू त्यावर तरंगत सुटते. जी ३ घराण्यातून झाडलेली पुंगळी उचलून पाहिली तर तिच्या मानेपासून खाली काजळीच्या उभ्या रेघा एकसारख्या अंतरावर ओढलेल्या दिसतात, आणि अंगावर बहुतेक वेळा एक पोचा. पोचा पडतो कारण ती बाहेर नुसती पडत नाही, भिरकावली जाते. आठ-दहा मीटर दूर. पोलिसांना त्याचं काय! घटनास्थळ त्यांचंच, पुंगळ्याही तेच वेचणार. लपून बसलेल्या सैनिकाच्या शेजारून मात्र दर गोळीला चकाकतं पितळ हवेत उडणं म्हणजे हात वर करून ‘मी इथे आहे’ सांगणं. आणि मागे राहिलेली रेघांची पुंगळी कुठल्या घराण्याची, ते शोधायला प्रयोगशाळा लागत नाही.

दुसरा निर्णय : एमएसजी ९०

लष्करी अवतार आला तो एमएसजी ९० या नावाने. नावाची फोड केली तर ‘लष्करी नेमबाजाची रायफल’. यंत्रणा तीच, काडतूस तेच, ट्रिगरचा दीड किलोचा ताणही तोच. फरक सगळा वजाबाकीचा आहे.

नळी ६५० ची ६०० मिलिमीटर झाली आणि बारीक झाली. बारीक नळी जास्त हलते, म्हणून तोंडाशी थोडं वजन ठेवून तिची थरथर आवरली. दस्ता हलका आणि सुटसुटीत केला. तळहाताचा सरकता टेकू गेला. तिपाईऐवजी पुढे घडीचे दोन पाय आले. रायफलचं वजन साडेसहा किलोंच्या आत उतरलं. दुर्बिणीसाठी नाटोच्या ठरलेल्या मापाची बैठक दिली, त्यामुळे वेगवेगळ्या दुर्बिणी आणि रात्रीची साधनं त्याच जागी बसू लागली. मॅगझीन ५ आणि २० गोळ्यांची. किंमतही बरीच खाली आली.

अचूकता थोडी गेली. किती गेली यावर नेमबाजांच्या गप्पा रंगतात, पण माझ्या मते तो प्रश्नच गैरलागू. चेंडूएवढ्या वर्तुळाची कसोटी ओलिसाच्या कानाशेजारच्या जागेसाठी होती. रणांगणावर समोरच्याच्या कानाशेजारी सहसा ओलीस नसतो.

पुंगळीचं भिरकावणं मात्र पहिल्या आवृत्तीत तसंच राहिलं. नंतरच्या एमएसजी ९० ए १ मध्ये बाहेर पडण्याच्या जागेमागे पुंगळी अडवणारा छोटा आडोसा बसवला आणि नळीच्या तोंडाला सायलेन्सर किंवा ज्वालारोधक चढवायला आटे पाडले. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती सगळ्यात शेवटी झाली. कारखान्यात काही काळ काढलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

पुढे काय झालं

दोन्ही रायफली खपल्या, बहुतेक पोलिस आणि विशेष दलांकडे. आपल्याकडे एनएसजी १९८४ मध्ये उभारलं गेलं तेव्हा जीएसजी ९ चा नमुना समोर होता, आणि एनएसजीच्या शस्त्रागारात या दोन्ही रायफली आल्या. शेजारी पाकिस्तानात वाहच्या कारखान्यात जी ३ परवान्यावर बनते, त्यामुळे रोलरची ही यंत्रणा नियंत्रण रेषेच्या दोन्ही बाजूंना ओळखीची आहे.

गंमत जर्मन लष्कराची. ज्यांच्या नावाने ‘लष्करी’ रायफल काढली, त्यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी आपल्या स्नायपरांसाठी निवडली ती जी २२, म्हणजे ब्रिटिश कंपनीची बोल्ट-ॲक्शन, .३०० विंचेस्टर मॅग्नम काडतुसाची. लांब मारायचं तर मोठं काडतूस हवं, आणि एकट्या नेमबाजाला दुसऱ्या गोळीची घाई क्वचितच असते. भारतीय लष्करानेही अलीकडे द्रागुनोव्हच्या जोडीला .३३८ काडतुसाची बोल्ट-ॲक्शन बेरेटा घेतली, त्यामागचं गणित फार वेगळं नाही.

अर्ध-स्वयंचलित रायफल जर्मन लष्करात पुन्हा आली ती अफगाणिस्तानमुळे, २०११ च्या सुमारास, जी २८ म्हणून. तुकडीबरोबर चालणाऱ्या नेमबाजासाठी. तीही हेक्लर अँड कॉखचीच, पण तिच्यात रोलर नाहीत. वायूवर चालणारा पिस्टन आहे. ज्या पिस्टनला टाळून पीएसजी १ अचूक झाली होती, तो तीस-चाळीस वर्षांत इतका सुधारला की रोलरांचा आग्रह धरायचं कारण उरलं नाही. २०१६ मध्ये अमेरिकन लष्करानेही त्याच घराण्याची रायफल निवडली.

पीएसजी १ ची दुर्बीण हा तिचा म्हातारपणचा आजार ठरला. एकच ठरलेली दुर्बीण, आणि तिचं उत्पादन थांबलं. २००६ च्या पीएसजी १ ए १ मध्ये श्मिट अँड बेंडरची ३ ते १२ पटींची दुर्बीण आली. लांब दुर्बीण आली तर मागे ओढून अडकवलेला दांडा तिला लागू लागला, म्हणून तोही थोडा वळवावा लागला.

काय वेगळं करता आलं असतं

दुर्बिणीची बैठक पहिल्यापासून ठरलेल्या मापाची हवी होती. नाटोचं माप लष्करासाठी वापरलं आणि पोलिसांच्या महागड्या रायफलला मात्र एका कारखान्याच्या एका दुर्बिणीशी बांधून ठेवलं, हा निर्णय मला आजही पटत नाही. रायफल तीस वर्षं टिकते, दुर्बिणीतली बॅटरी आणि काचा नाही टिकत. मुलं इथे हटकून मोबाइलच्या चार्जरचं उदाहरण देतात, आणि ते चपखल आहे.

पुंगळीचा आडोसा तसाच. पोलिसांच्या रायफललाही तो बसला असता तर काही बिघडलं नसतं. छपरावर शेजारी-शेजारी पडलेल्या दोघांपैकी उजवीकडच्याला विचारा, गरम पितळ कानावर आलं की काय होतं.

कसोटीबद्दल माझी तक्रार अर्धी आहे. ५० गोळ्या, ८० मिलिमीटर ही रायफलची परीक्षा म्हणून उत्तम. पण तिची जाहिरात इतकी झाली की तो आकडाच तेवढा लक्षात राहतो. नेमबाज किती, लक्ष्यं किती, एका लक्ष्यामागे निदान दोन नेमबाज ठेवायचे की नाही, हे आकडेही त्याच्या शेजारी असायला हवे होते. आठ हल्लेखोरांसाठी सोळा नेमबाज लागले असते. पाचांच्या हाती पीएसजी १ दिली असती तर पहिल्या फैरीत आणखी एक-दोन हल्लेखोर पडले असते, कदाचित तीन. ओलिसांचे हातपाय हेलिकॉप्टरमध्ये बांधलेले होते आणि उरलेल्यांकडे कलाश्निकोव्ह आणि हातबॉम्ब होते.

वर्गात शेवटी मी क्रमांक दोनची जागा फळ्यावर काढतो. टॉवरवरचे तिघे एका बाजूला, हेलिकॉप्टर मधे, आणि हा पलीकडे मैदानात, एका बुटक्या भिंतीमागे. म्हणजे आपल्याच माणसांच्या माऱ्याच्या थेट रेषेत. गोळीबार सुरू झाल्यावर बराच वेळ त्याला डोकं वर काढता आलं नाही. नंतर हेलिकॉप्टरचा एक वैमानिक पळत येऊन त्याच्या शेजारी आडवा झाला. उशिरा पोचलेल्या पोलिसांना, तिथे आपली माणसं आहेत, हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. त्यांनी त्या दोघांना हल्लेखोर समजून गोळ्या घातल्या. दोघेही जखमी झाले.